उचल आणि भागभांडवल

नवा उद्योग कसा उभारावा याविषयी अलीकडे जे विपुल उपदेशपर वाङ्मय प्रसिद्ध होत असते, त्यात त्वरेचे आणि अपयशाचे माहात्म्य गाण्याची एक प्रथाच पडून गेली आहे. लवकर आरंभ करावा, अपुरी का होईना वस्तू गिऱ्हाइकापुढे ठेवावी, चुकले तर सोडून द्यावे आणि दुसरे हाती घ्यावे, असा त्या उपदेशाचा इत्यर्थ असतो. आणि ज्या नगरांत तो जन्माला आला तेथे तो खोटाही नाही, कारण तेथील उद्योजक पडला तरी त्याच्या खाली मिळू शकणारी नोकरी, शिकलेले आईबाप आणि परिचितांचा गोतावळा असे तिहेरी जाळे अंथरलेले असते. परंतु हाच उपदेश गाठीला बांधून कोणी त्र्यंबकहून तोरंगणचा घाट उतरून मोखाड्यात आला, तर पहिल्याच हंगामात त्याच्यापुढे हा प्रश्न उभा राहतो, की उद्योग बुडाला तर नेमके बुडायचे कोणी?

या प्रश्नाचा ऊहापोह मी जव्हारला एका पडवीत बसून ऐकला. वाद घालणारी माणसे दोनच. एक, वयाची पंचाहत्तरी ओलांडलेले काका. त्यांचे वडील जव्हारच्या मुकणे संस्थानिकांच्या दफ्तरात कारकून होते, आणि स्वतः काकांची सारी हयात एका सहकारी संस्थेच्या धान्यखरेदीत काट्याशेजारी गेली. १९४८ साली संस्थान विलीन झाले, पण तसलमात, रुजवात, दरखास्त हे शब्द त्या घरातून काही गेले नाहीत. दुसरी, खोडाळ्यापलीकडच्या एका पाड्यावरची तरुणी. नाशिकला अभियांत्रिकी शिकून, पुण्यात नोकरी करून, ती सोडून नागली-वरईचे पदार्थ करून विकण्यासाठी ती परत आली होती. काकांकडे ती सल्ला मागायला आली होती असे म्हणण्यापेक्षा, आपला बेत त्यांच्या काट्यावर घालून पाहायला आली होती, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

“काका,” तिने विषयाला हात घातला, “मुंबईचे एक गृहस्थ माझ्या कंपनीत पैसे घालायला तयार झाले आहेत. बदल्यात पाचवा हिस्सा मागतात.”

“आणि पैसे परत कधी करायचे?”

“परत करायचेच नसतात. धंदा चालला तर त्यांच्या हिश्श्याची किंमत वाढते. बुडाला तर त्यांचे पैसे बुडतात. आमच्या घरावर, जमिनीवर बोजा चढत नाही.”

“भट्टीचा मुकादमही पैसे परत मागत नाही, पोरी,” काका म्हणाले. “तो माणसे मागतो.”

हा टोला पुरता उमगावा म्हणून थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. जव्हार-मोखाड्यात पाऊस उदंड, पण शेते उताराची आणि माती पातळ. भात, नागली, वरई, उडीद, खुरासणी ही पावसाळी पिके निघाली की रान कोरडे पडते, आणि दिवाळी उलटताच वारली, कातकरी, ठाकूर, कोकणा कुटुंबे मुलाबाळांसह भिवंडी, वाडा, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर उतरतात. ती शिमग्याला सणापुरती घर पाहतात आणि पावसाच्या तोंडाशी कायमची परततात. भट्टीवर जाण्याआधी मुकादमाने हातावर ठेवलेली रक्कम म्हणजे उचल, आणि ती फिटेपर्यंत ते कुटुंब त्या भट्टीचे. १९४५ साली डहाणू-उंबरगाव भागातील वारली ज्या वेठबिगारीविरुद्ध आणि लग्नगड्याच्या पद्धतीविरुद्ध गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली उठले, तिच्याही मुळाशी लग्नासाठी काढलेले कर्जच होते. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली, तरी आगाऊ घेतलेल्या पैशाचा धसका या मुलखातल्या जाणत्यांच्या मनातून गेलेला नाही. आणि काका त्या जाणत्यांपैकी एक.

“तुमची तुलना न्याय्य नाही,” ती शांतपणे म्हणाली. “उचल घेणारा आजारी पडला, तर त्याची बायको विटा पाडून ती फेडते. माझा धंदा आजारी पडला, तर माझ्या आईला कोणी भट्टीवर नेणार नाही. आणि दुसरी वाट कोणती आहे सांगा. मी बँकेतही जाऊन आले. तारण काय, म्हणून विचारतात. तारण म्हणजे वडिलांची जमीन; आणि जमीन महसूल संहितेच्या ३६-अ कलमाखाली आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सरकारी मंजुरीवाचून घेता येत नाही. उद्या कर्ज थकले तर लिलावात बोली लावायला गिऱ्हाईक कोठून आणायचे, या विचाराने साहेब कचरतात. १९७४ पासून ज्या कलमाने आमच्या जमिनी राखल्या, त्याच कलमामुळे त्या जमिनीवर आम्हाला पैसा उभा करता येत नाही. कलम उठवा असे मी म्हणणार नाही. उठवले तर पाच वर्षांत पाड्याभोवती शेतघरांची कुंपणे उभी राहतील. पण मग जो आमची जमीन न मागता पैसे देतो, त्याला मुकादमाच्या पंक्तीला तरी बसवू नका.”

काका काही वेळ बोलले नाहीत. मुद्दा त्यांना पटला असावा, पण कबुली देण्याची त्यांची रीत निराळी. ते पुढच्या मुद्द्यावर जातात.

“बरे, जमीन मागत नाही. मग घाई मागतो की नाही?”

“तीन वर्षांत शंभर पाडे व्हावेत अशी त्यांची अपेक्षा आहे.”

“तीन वर्षे म्हणजे तीन नागल्या,” काका म्हणाले, आणि या एका वाक्यात त्यांनी जे सांगितले ते नवउद्योगावरील पुष्कळ ग्रंथांच्या लेखकांना सुचलेले नाही. संगणकाच्या आज्ञावलीत चूक झाली तर ती सकाळी दुरुस्त करून दुपारी पुन्हा पाहता येते. उलट ज्येष्ठात राब भाजून, पाऊस पडल्यावर रोपे करून, ती आषाढात उतारावर लावून, आश्विन-कार्तिकात जे कणीस हाती येते, त्यात चूक आढळली तर पुन्हा प्रयत्न करायला पुढचा ज्येष्ठच उजाडावा लागतो. अमेरिकेतील एरिक रीस यांनी २०११ च्या आपल्या पुस्तकाने लहान प्रयोग करून झटपट शिकण्याचे जे तंत्र जगभर लोकप्रिय केले, ते खोटे नाही. मात्र प्रयोगाचा वेग ठरविण्याचा अधिकार येथे उद्योजकाकडे नसून पावसाकडे आहे.

“किर्लोस्करांचे उदाहरण घे,” काका पुढे म्हणाले. “१८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्याची समजूत. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली म्हणतात. लक्ष्मणरावांनी दोन वर्षे दम धरला, म्हणून १९१० ला किर्लोस्करवाडीच्या माळावर कारखाना उभा राहिला. त्यांच्या मागे तीन वर्षांत शंभर गावे मागणारा कोणी असता, तर त्यांनी नांगर टाकून दुसरे काही तरी काढले असते.”

“त्यांना औंधचे राजे भेटले,” ती हसून म्हणाली. “जमीन दिली, आधार दिला, धीर दिला. आमच्या राजांचा वाडा आता पर्यटक तिकीट काढून पाहतात. काका, दम धरायलाही कोणी तरी पोसावे लागते, आणि दम धरण्याची किंमत तुम्ही हिशेबात घेतच नाही. मी पाच पाड्यांवर थांबले, तर उरलेल्या पाड्यांवरची पोरे दर दिवाळीनंतर शाळा सोडून भट्टीवर जात राहतील. सावकाश चला हा उपदेश या मुलखाला आजवर कमी का झाला आहे? तुमच्या पिढीने सावकाश चालून पाहिलेच.”

हे बोलणे झोंबणारे होते, पण अन्यायाचे नव्हते. १९९२-९३ मध्ये याच जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे बालके कुपोषणाने दगावली तेव्हा मंत्री आले, योजना आल्या आणि सरकारी नस्त्यांची पाने वाढली. मध्य वैतरणेचे धरण याच मोखाड्यात कोचाळे गावाजवळ उभे राहून २०१४ पासून मुंबईची तहान भागवीत आहे, आणि उन्हाळ्यात तालुक्यातील पाडे टँकरची वाट पाहत आहेत. ज्या प्रदेशाने इतरांची निकड इतक्या तत्परतेने भागविली, त्याच्याच लेकीने आपली निकड बोलून दाखविली तर तिला उतावीळ म्हणणे मला तरी शोभणार नाही.

काकांनी विषय बदलला, म्हणाले, “नमुना आणला आहेस ना?”

तिने पिशवीतून नागलीची पुडी काढली. येथे काका खरे काका झाले. त्यांनी मूठभर दाणा तळहातावर घेतला, हात किंचित कलता करून हलकी फुंकर मारली, फोल उडू दिले, आणि मग बोटाने दाणे बाजूला सारीत सारीत तळहाताच्या घडीत अडकलेले, नागलीच्याच रंगाचे आणि नागलीच्याच आकाराचे तीन खडे काढून पडवीच्या कठड्यावर ओळीने ठेवले. “हा एक दाताखाली आला की गिऱ्हाईक गेले,” ते म्हणाले. “तो तक्रार करीत नाही, पत्र लिहीत नाही, पुढच्या वेळी दुसऱ्याचे पीठ घेतो. सारवलेल्या खळ्यावर नागली मळली की जमिनीचे पोपडे दाण्यात येतात. उफणून फोल जाते, खडा जात नाही. तो धुऊन, रोळूनच काढावा लागतो. आणि धुवायला पाणी?”

“कार्तिक ते पौष. तोवर ओहोळ वाहते असतात. माघानंतर आमच्याकडे प्यायला पुरत नाही, नागली कुठली धुता! म्हणून वर्षाची सगळी सफाई त्या तीन महिन्यांत उरकायची. वरईचेही तसेच. आज ती टरफलासकट व्यापाऱ्याला जाते, नाशिकच्या गिरण्यांत तिची भगर होते, आणि आषाढी एकादशीला तीच भगर आम्ही दुकानातून पुडीने विकत आणतो. भरडायचे यंत्र खोडाळ्याला बसवले, तर ती मजुरी पाड्यावर राहील.”

मोहाच्या लाडवांचाही तिचा बेत होता. तो मी येथे आवरता घेतो. इतकेच सांगतो, की १८९२ च्या मोहाच्या कायद्याने इंग्रज सरकारने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुले साठविण्यावर निर्बंध घातले, पुढे दारूबंदीच्या कायद्याने ते निर्बंध निराळ्या स्वरूपात चालू राहिले, आणि फुलांची वेचणी-वाहतूक बव्हंशी मोकळी व्हायला २०२१ साल उजाडावे लागले. झाडाखाली पडलेले फूल वेचायलाही जेथे पिढ्यानुपिढ्या परवान्याची भीती, तेथे उद्योगी वृत्ती का नाही, असे विचारणाऱ्यांनी थोडा इतिहास चाळावा.

“आता मुद्द्याचे,” काका म्हणाले. “शेतकऱ्याला पैसे कधी देणार?”

“शहरातली दुकाने मला पंचेचाळीस दिवसांनी पैसे देतात. काही साठ दिवसही लावतात. लहान उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदाच आहे. तेव्हा मलाही शेतकऱ्याला—”

“थांब.” काकांनी हात वर केला. “काट्यावर माल घ्यायचा आणि पैसे पंचेचाळीस दिवसांनी द्यायचे, तर त्या पंचेचाळीस दिवसांचे तुझे भांडवल कोणाचे झाले? मुंबईच्या गृहस्थांचे नाही. ते त्या नागलीवाल्याचे झाले. तुझ्या धंद्यातला सर्वांत मोठा सावकार पाड्यावरचा सर्वांत गरीब माणूस, आणि त्याला व्याज नाही, हिस्सा नाही, कागदही नाही. मी नोकरीत असताना हेच पाहिले. माल गोदामात, पावती शेतकऱ्याच्या टोपीत, आणि रक्कम वरून मंजूर व्हायची आहे. पावती घेऊन तो चार वेळा यायचा, पाचव्या वेळी ती व्यापाऱ्याला निम्म्यात विकायचा. तुझ्या दुकानदारांनी तुला थांबवावे. ते तू सोस, नाही तर तो गुंतवणूकदार सोसू दे. ती झळ खाली लोटू नकोस.”

“लिज्जतचे काय होते?” तिने विचारले, मला वाटते, उत्तर तिला ठाऊक होते.

“तेच सांगतो. १९५९ मध्ये गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. देणगी कोणाची घ्यायची नाही, हे आरंभीच ठरविले. बाई पीठ घरी नेते, दुसऱ्या दिवशी लाटलेले पापड आणून देते आणि वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, घेऊन जाते. पुढे पापड विकला जावो अथवा न जावो, तो प्रश्न लाटणारीचा नाही. एवढा मोठा कारभार झाला, पण रोजची वणाई काही चुकली नाही.”

“मोगऱ्याने आम्हालाही तेच शिकवले आहे,” ती म्हणाली. “आमच्याकडे आता मोगऱ्याच्या बागा आहेत. पहाटे उठून मिटलेल्या कळ्या खुडायच्या, गाडीवर घालायच्या, त्या दादरच्या बाजारात जातात. भाव लग्नसराईत चढतो, एरवी कोसळतो. पण पैसा झटपट हातात येतो, म्हणून मोगरा टिकला. बाएफ या संस्थेने लावून दिलेल्या वाड्यांचेही तेच. आंबा-काजूला फळ धरेपर्यंत चार-पाच वर्षे लोक थांबले, कारण मधल्या पट्ट्यांत भाजीपाला, नागली, वरई घेता येत होती. नुसत्या आंब्याच्या भरवशावर कोणी थांबला नसता. म्हणजे रोख काट्यावर द्यायची, हे मला मान्य. कार्तिकात माल आला की त्याच दिवशी पैसे. मग लोक भट्टीवर जाणार नाहीत, आणि सफाईला तीन महिने माझ्याकडे हात राहतील.”

“जातील,” काका म्हणाले.

“का?”

“कारण मुकादम कार्तिकात येत नाही. तो श्रावण-भाद्रपदात येतो. घरातली कणगी रिकामी, नवे पीक उभे, पोर आजारी, गणपती तोंडावर. त्या वेळी तो पाच-दहा हजार ठेवून जातो. तू कार्तिकात काटा घेऊन पाड्यावर पोचशील तेव्हा तुझी नागली तुला मिळेल, पण ती धुणारे हात दोन महिन्यांपूर्वीच विकले गेलेले असतील. दुसऱ्या कोणाच्या नागलीच्या बिस्किटांशी तुझी स्पर्धा आहे असे तुझ्या कागदात लिहिले असेल. तुझी स्पर्धा मुकादमाशी आहे.”

वादाला येथे जे वळण लागले त्याची मला अपेक्षा नव्हती. मुलगी बराच वेळ विचार करीत राहिली. मग म्हणाली, “मग मीही भाद्रपदात पैसे देते. उभ्या नागलीवर.”

“म्हणजे सावकार झालीस. जुना सावकार तरी दुसरे काय करी? पावसाळ्यात खावटी द्यायची आणि खळ्यावर सवाई-दिढीने वसूल करायची. पीक बुडाले, तर पुढच्या वर्षी दुप्पट. तू शिकलेली सावकार, एवढाच फरक.”

“नाही,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात आता जोर होता. “मुंबईचे गृहस्थ मला कोणत्या बोलीवर पैसे देतात? मी चालले तर त्यांचा फायदा, मी बुडाले तर त्यांचे पैसे बुडाले. माझ्या घरापर्यंत ते येत नाहीत. जी बोली मी माझ्यासाठी मागते, तीच मी नागलीवाल्याला का देऊ नये? भाद्रपदात किमतीचा अर्धा भाग द्यायचा, भाव तेव्हाच लिहून द्यायचा, आणि परतीच्या पावसाने कणसे काळी पडली तर ती रक्कम माझी बुडाली. पुढच्या वर्षाच्या खात्यावर ती चढणार नाही. सावकाराने बुडीत कधी स्वतःकडे घेतले नाही, मी घेते. मग तरी मी सावकार का?”

मला विचाराल तर नवउद्योगाविषयी इतकी नेमकी गोष्ट मी क्वचितच ऐकली आहे. भागभांडवलाची मूळ कल्पनाच ही, की ज्याला तोटा सोसण्याची शक्ती आहे त्याने तो अंगावर घ्यावा आणि त्याबद्दल नफ्यात वाटा मागावा. परंतु व्यवहारात ही सवलत उद्योजकापाशी येऊन थांबते. त्याच्या वरचा त्याला सांभाळून घेतो, आणि तो मात्र आपल्या खालच्याकडून पै न् पै वसूल करतो. ती सवलत आणखी एक पायरी खाली, उतारावरच्या शेतापर्यंत नेण्याचे या मुलीच्या मनात होते.

काकांना ते पटले. पण पटल्यावर त्यांच्यातला हिशेबनीस जागा झाला.

“तुझे गृहस्थ दहा ठिकाणी पैसे घालत असतील. नऊ बुडाली तरी एक तारते. तुझा पाऊस मात्र एकच. तो खोडाळ्याला आश्विनात कोसळला तर सूर्यमाळालाही कोसळणारच. शंभर पाड्यांवर अर्धी-अर्धी रक्कम वाटलीस, तर एकाच आठवड्यात सारी वाहून जाईल. १९०८ मध्ये पैसा फंडाच्या बळावर तळेगावला काच कारखाना निघाला. अंताजीपंत काळ्यांनी माणशी एकेक पैसा गोळा केलेला. कारखाना बुडाला असता तरी देणारा कोणी जेवायचा राहिला नसता. तुझे तसे नाही. किती नागली घेणार आहेस पहिल्या वर्षी?”

“शंभर क्विंटल.”

काकांनी पाटीसारखा जाड पुठ्ठा पुढे ओढून त्यावरील कागदावर आकडे मांडले. २०२५-२६ साठी केंद्र सरकारचा नागलीचा किमान आधारभूत भाव क्विंटलला ४,८८६ रुपये. शंभर क्विंटलचे ४,८८,६०० झाले. निम्मी उचल भाद्रपदात द्यायची तर २,४४,३०० रुपये असे, की जे परत येतीलच असे नाही.

“तिसरा हिस्सा दे,” काका म्हणाले.

“तिसऱ्या हिश्श्याने मुकादम हटणार नाही. निम्मीच.”

“तर मग पन्नास क्विंटल घे. जेवढी रोकड हाती, तेवढाच माल. आणि आणखी एक कलम लिहून ठेव: पैसे द्यायचे ते दाण्यावर द्यायचे. हातांवर कधी द्यायचे नाहीत. सफाईला बायका आल्या तर त्यांची मजुरी रोजची रोज. ‘भाद्रपदात घेतलेस ना, मग ये धुवायला’ हे वाक्य तुझ्या कोणा कारभाऱ्याच्या तोंडून ज्या दिवशी निघेल, त्या दिवशी तुझा मुकादम झाला.”

ते कलम तिने तत्काळ मान्य केले. पन्नास क्विंटलांवर मात्र ती अडून बसली. पन्नास क्विंटलांत भरडण्याच्या यंत्राचा हप्ता निघत नाही, असे तिचे गणित. येथे मी मनातून काकांच्या बाजूचा होतो, आणि यंत्र पहिल्या वर्षी भाड्याने का घेऊ नये असेही मला वाटून गेले; पण पडवीतल्या त्या दोघांना माझ्या मताची गरज नव्हती.

कंपनी कोणाची, हा वाद तर अर्ध्यावरच राहिला. २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात शेतकरी उत्पादक कंपनीची जी तरतूद झाली, तिच्यात भाग उत्पादकांनीच घ्यायचे आणि सदस्याला एक मत. काकांचा कल तिकडे. त्यांच्या मते पाड्याचा धंदा पाड्याच्या नावे असावा. तिचे म्हणणे असे, की तसे केले तर मुंबईच्या गृहस्थांना भाग देताच येणार नाहीत, आणि मग भाद्रपदातले बुडीत सोसायचे कोणी? एक मत एकेकाला देऊन तोटाही एकेकाला वाटला जाईल, आणि तो तोटा पेलणारी घरे आमच्याकडे असती तर ती भट्टीवर गेलीच नसती. पाच वर्षांनी पाड्याने हिस्सा विकत घ्यावा अशी तजवीज आरंभीच करून ठेवता येईल का, यावर दोघे थोडे थांबले, पण त्यासाठी वकील गाठावा लागेल असे ठरून तो विषय पुढच्या भेटीवर गेला.

“कार्तिकात प्रतवारीला तुम्ही याल?” तिने विचारले.

“येईन. पण मी नापास केलेले पोते तू पास करायचे नाहीस. तुझ्या मामाचे असले तरी.”

“कबूल. मग नापास पोत्यावरचे भाद्रपदाचे पैसे कोणाचे?”

काकांनी कठड्यावरचे तीन खडे उचलून पुन्हा तळहातावर घेतले. “दाणा काळा पडला असेल तर ते पावसाचे काम, तो तोटा कंपनीचा. खडा असेल तर मळणाऱ्याचा हलगर्जीपणा. ते पोते परत, आणि रोळून आणल्यावर पुन्हा काट्यावर.”

“मातीचे खळे आणि ओढायला एक फाटके गोणपाट, यावर मळले तर खडा येणारच,” ती म्हणाली. “ताडपत्री असती तर हलगर्जीपणा म्हणता आले असते. ती कोणी द्यायची?”

“तू.”

“तर तेही याच कागदावर लिहा. आणि भाद्रपदाच्या पैशांतून ती कापायची नाही, हेही.”